लाल वर्तुळं

"आता मशीनला शिकवणार कोण?" बेलसरे साहेबांनी विचारलं, आणि त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत मी एक पाऊल पुढे टाकलं.

साहेब पुण्याचे. प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच द्यायची त्यांना सवय होती. "तर ही जबाबदारी," ते म्हणाले, "रोशनी डोंगरवार घेतील." हँगरमधली वीस-बावीस माणसं गोल करून उभी होती आणि त्या गोलाच्या आत मी एकटा, आमंत्रण नसताना पंगतीत बसलेल्या पाहुण्यासारखा. मागे सरकावं तर सगळ्यांना दिसणार. म्हणून मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं. आमच्या कामाच्या बुटांना नाड्याच नसतात, हे मला वाकल्यावर आठवलं.

कोणीतरी हसलं. रोशनी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचं ते न हसणंच मला जास्त लागलं.

मी देविदास हेडाऊ. तेव्हा माझं वय एक्कावन्न होतं. नागपूरच्या विमानतळाच्या पलीकडच्या अंगाला एका खाजगी कंपनीचा विमानं दुरुस्त करायचा कारखाना होता, तिथे मी सर्वांत जुना तपासनीस. इंजिनाला मी कधी हात लावला नाही. माझं काम टकटकीचं. विमानाच्या शेपटीचे, पंखांचे बरेचसे भाग धातूचे नसतात. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना कापडाचे कडक थर चिकटवलेले असतात. हा चिकटा आतल्या आत कुठे सुटला, तर वरून काही म्हणजे काही दिसत नाही. तो शोधायचा कानानं. चमचाभर वजनाची हातोडी घ्यायची आणि पॅनेलवर बोट-बोट अंतरावर वाजवत जायचं. चिकटा पक्का असेल तर आवाज खणखणीत येतो, सुटला असेल तर बद्द येतो. बद्द आला की लाल मेणाच्या पेन्सिलीनं तिथे वर्तुळ काढायचं. संध्याकाळी पॅनेलवरची वर्तुळं मोजायची, कार्डावर उतरवायची, खाली आपला शिक्का मारायचा. शिक्क्यावर नंबर असतो. माझा सात होता.

अकरा वर्षांत सात नंबरचं एकही पॅनेल तक्रार घेऊन परत आलं नव्हतं. हे मी कोणाला सांगत नसे, असं नाही. सांगत असे. चहाच्या टपरीवर सांगत असे, लग्नाच्या पंगतीत सांगत असे.

आणि रोशनीला हातोडी धरायला मीच शिकवलं होतं. साकोलीची ही पोरगी आली तेव्हा भिंतीला खिळा ठोकावा तशी हातोडी धरायची. मी तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधून तिला बद्द आणि खणखणीत ओळखायला लावलं. सहा महिने लावलं. ती मला भाऊ म्हणायची, मग सगळी शॉपच भाऊ म्हणायला लागली.

आता मशीनचं सांगतो. चाकांच्या गाड्यावर एक लांब लोखंडी हात, हाताच्या टोकाला तशीच छोटी हातोडी, आणि बाजूला एक पडदा. हात पॅनेलवरून सरकत जायचा, टकटक करायचा आणि पडद्यावर हिरवे-लाल ठिपके उमटायचे. पोरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव सुतार ठेवलं, झाडाला टोचे मारणाऱ्या पक्ष्यावरून. सुतार कोणाची नोकरी खाणार नव्हता, हे साहेबांनी तीन वेळा सांगितलं. तो फक्त जागा दाखवणार, निर्णय माणसाचा, शिक्का माणसाचा. चार तासांचं काम चाळीस मिनिटांत होईल, खांदे दुखायचे थांबतील. सगळं खरं होतं. पण कुठला आवाज बद्द आणि कुठला नाही, हे त्या मशीनला आधी कोणीतरी शिकवायला हवं. ज्याचा कान ती घेणार, त्याचा शब्द पुढे त्या शॉपमध्ये शेवटचा. विभागाचा प्रमुखही तोच होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती जागा माझी आहे असं मी धरूनच चाललो होतो.

"वयाचा विचार केला असेल साहेबानं," घरी कुंदा म्हणाली. "तुमचे राहिले आठ-नऊ वर्षं. तिचे पंचवीस आहेत."

"ती स्वतः गेली होती मागाले," मी म्हणालो. "साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन बोलली, मले द्या म्हणून. मले स्टोअरवाल्यानं सांगितलं."

"मग तुम्ही काहून नाही मागितलं?"

"मी मागू? मी?"

कुंदानं पोळी वाढली. "आठ दिवस झाले, रोशनीचं नाव घेतल्याबिगर तुमच्या घशाखाली घास उतरून नाही राहिला. लोकं सवतीचंही इतकं नाव घेत नाहीत."

मी ताटावरून उठलो. मग पुन्हा बसलो, कारण भरल्या वांग्याची भाजी होती.

रोज मी सुताराकडे जाऊन उभा राहायचो. रोशनी जुन्या, बाद झालेल्या पॅनेलवर वाजवायची, मशीन ऐकायची, मग ती पडद्यावर बोट ठेवून सांगायची: हे बद्द, हे चांगलं, हे कडेला आहे म्हणून वेगळं वाटतं. अगदी मी तिला सांगायचो तसंच. माझेच शब्द, माझाच तो "घाई नको, आवाज विरू दे". आणि बेंगळुरूहून आलेला मशीनवाला इंजिनिअर ते वहीत उतरवून घ्यायचा आणि तिला मॅम म्हणायचा. मला वाटे, सगळ्यांना ओरडून सांगावं, अरे, ही विहीर माझी आहे, ही नुसती बादली आहे. पण तसं ओरडता येत नाही. मग मी मशीनचं चाक जरा वाकडं आहे का, ते बघायचो.

सूड घ्यायची संधी मला कागदावर मिळाली. मशीन कामाला लागण्याआधी मंजुरीचा कागद व्हायचा होता आणि त्यावर सर्वांत जुन्या तपासनिसाची सही हवी होती. म्हणजे माझी. कागदात एक कलम होतं: मंजुरी मिळाली की मागच्या दोन वर्षांत आम्ही पास केलेली सगळी विमानं, मोठ्या तपासणीची वाट न बघता, पुढच्या छोट्या दुरुस्तीच्या थांब्यालाच एकदा मशीनखाली घ्यायची. ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या शिक्क्यावर हा लोखंडी पक्षी पुन्हा टोचे मारणार!

मी सही केली नाही. नकारही दिला नाही. शंका काढल्या. मे महिन्यात हँगरमध्ये शेहेचाळीस डिग्री तापमान असतं, तेव्हा मशीन चालेल का? चालते की नाही बघायला एक आठवडा गेला. हातोडीचं टोक झिजलं तर? आणखी एक आठवडा. लाईट गेली तर, धूळ बसली तर, वारा आला तर. असे पाच आठवडे मी तो कागद दाबून धरला. साहेब वैतागले, पण सुरक्षेचा मुद्दा म्हटला की कोणालाच काही बोलता येत नाही. मला त्या पाच आठवड्यांत झोप फार छान लागली.

रोशनी दर दोन दिवसांनी यायची. नेहमीसारखी माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहायची.

"भाऊ, सही कधी करता?"

"घाई काहून आहे तुले?"

"आहे जी घाई."

"प्रमोशन पळून चाललं का?"

ती हातोडी उचलून कामाला जायची. एकदा मात्र म्हणाली, "भाऊ, मी हात जोडते. तुमाले जे लिहायचं ते माझ्या विरुद्ध लिहा. पण कागद जाऊ द्या."

तिचे डोळे भरले होते. बाळंतपणाच्या चार महिन्यांच्या रजेवरून येऊन तिला वर्ष होत आलं होतं, पण अजून ती थकलेलीच दिसायची. मला दया आली असती. पण माणूस खुर्चीसाठी रडतोय असं वाटलं की दया येत नाही, मजा येते. मी म्हणालो, "रडून मशीन पास होते का बाई?"

शेवटी मीच साहेबांना म्हणालो, "साहेब, एकदा समोरासमोर होऊन जाऊ द्या. एक पॅनेल मी वाजवतो, तेच तुमचा सुतार वाजवेल. त्याचं माझ्याशी जुळलं, तर तिथल्या तिथे सही."

साहेब खूश झाले. मोठ्या तपासणीला आलेल्या एका विमानाचा रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, काढून लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलेलं होतं. तेच घ्यायचं ठरलं. "पण एक," साहेब म्हणाले. "हेडाऊ, तुम्ही काम संपवलं की तिथेच, माझ्यासमोर कागदावर लिहायचं आणि पाकीट बंद करायचं. मग वर्तुळं पुसून टाकू. म्हणजे मशीनच्या बाजूला कोणाला काही दिसणार नाही."

"आत्ताच लिहायचं? लगेच?" रोशनीनं एकदम विचारलं.

"हो. का?"

"काही नाही, सर."

तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मनात म्हटलं, घाबरली.

सकाळी नऊला सुरुवात केली. मी कॉम्प्रेसर बंद करायला लावला. बाजूला रिव्हेट ठोकणाऱ्या पोरांना थांबवलं. गोंगाटात मी काम करत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. अडीच तास मी बोट-बोट वाजवत गेलो. इतकं मन लावून मी कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं. एक वर्तुळ काढलं, खालच्या कोपऱ्यात. कागदावर लिहिलं: एक. पाकीट बंद केलं, साहेबांनी फडक्यानं वर्तुळ पुसलं.

मग सुतार आला. चाळीस मिनिटं टकटक झाली. पडद्यावर सगळं हिरवंगार, आणि तीन ठिकाणी लाल.

साहेबांनी पाकीट फोडलं. "एक जुळतंय," ते म्हणाले. "दोन जास्त आहेत."

"वाटलंच होतं," मी म्हणालो. "ज्याले काही समजत नाही, तो सगळीकडेच बोट दाखवते." पोरं हसली. त्या हसण्यानं मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

"रोशनी, तुमचं मत?" साहेबांनी विचारलं.

ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, भाऊंना एकदा परत वाजवू द्या. या दोन जागांवर."

मी पुढे झालो आणि सगळ्यांसमोर त्या पहिल्या जागेवर वाजवलं. टक, टक, टक. "खणखणीत," मी म्हणालो. दुसऱ्या जागेवर वाजवलं. "खणखणीत. सांगा ना मॅडम आता. का कान घरी ठेवून आल्या?"

सगळे गप्प झाले होते. मला वाटलं, माझ्या बाजूनं गप्प झालेत.

"बद्द येते, भाऊ," रोशनी माझ्या उजव्या हाताला येऊन म्हणाली.

दुपारी अल्ट्रासाउंडचं यंत्र मागवलं गेलं. त्यात आवाजाच्या लहरी आत सोडून जाळीचं चित्रच दिसतं, तिथे कोणाच्या कानाचा प्रश्न येत नाही. दोन्ही जागी चिकटा सुटलेला निघाला. एक रुपयाच्या नाण्याएवढा, दुसरा चांगला पुरीएवढा.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला फक्त. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

मी रोशनीला सायकल स्टँडच्या मागे गाठलं. "मशीनले माझ्यावर सोडलं तू," मी म्हणालो. "मुद्दाम असं पॅनेल निवडलं. मी तुले डोळ्याले रुमाल बांधून शिकवलं अन् तू मले भर शॉपमध्ये नागवं केलं."

"भाऊ, बसा."

"नाही बसत."

"मग उभ्यानं ऐका." ती माझ्या उजव्या बाजूला सरकली. "तुमाले डाव्या कानानं नाही ऐकू येत. उजव्यानंही बारीक आवाज नाही येत. दोन वर्षं झाले."

मी हसलो. खरंच हसलो. "अन् दोन वर्षं माझे पॅनेल कोणी पास केले? भुतानं?"

"मी."

"काय मी?"

"तुम्ही जेवाले जायचे. मी मागून वाजवायची. जे सुटलं असेल तिथे वर्तुळ काढायची. तुम्ही संध्याकाळी मोजून लिहायचे."

मला आधी समजलंच नाही. मग ती म्हणाली, "तुम्ही वर्तुळ पुरं करून शेवटी एक बारीक शेपूट देता ना. मी तशीच द्यायची."

मी रोज माझ्या वर्तुळांकडे बघत होतो. संध्याकाळच्या उजेडात, एक हात कमरेवर ठेवून, कौतुकानं. पाच असली तर पाच, सहा असली तर सहा. आपण किती काढली होती, हे कोण लक्षात ठेवतं? शेपूट माझं होतं म्हणजे वर्तुळ माझं होतं. मी तिला हसायचो, काय पोरगी आहे, रोज गार झालेला डबा खाते, वेळेचं भान नाही.

मला त्या वेळी शरम वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर, आणि तोही आधीपेक्षा दुप्पट. आतापर्यंत वाटत होतं की तिनं माझी पुढची जागा घेतली. आता कळत होतं की मागची दोन वर्षंही तिचीच होती. चहाच्या टपरीवर मी जे सांगत होतो, ते तिचं सांगत होतो. आणि हे सगळं तिनं न सांगता केलं होतं, म्हणजे मन मोठं असण्यातही ती माझ्यापुढे निघून गेली होती. तिला शिव्या द्यायलासुद्धा तिनं मला काही ठेवलं नव्हतं.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"रोज ठरवायची. तुमचं तोंड पाहिलं की नाही सांगू शकायची. चूक झाली माझी. तुम्ही दुखावाल म्हणून विमानं धोक्यात घातले मी." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "भाऊ, माझ्या रजेच्या चार महिन्यांत तुम्ही तीन विमानं वाजवली. तेव्हा मागून वाजवणारं कोणी नव्हतं. आल्यावर मी त्या तिन्हींवर डोळा ठेवून होते. दोन आली. काही ना काही बहाणा करून मी पाहिली, ठीक निघाली. तिसरं ते हिरव्या शेपटीचं. त्याची मोठी तपासणी यायला अजून सात महिने आहेत."

"म्हणून मशीन?"

"म्हणून मी साहेबाकडे गेले. म्हटलं, शिकवायचं काम माझ्याकडे आलं तर लवकर उरकवीन. मंजुरी झाली की सगळेच विमानं पुन्हा तपासले जातील. कोणाचं नाव निघणार नाही. तुमचंही नाही, माझंही नाही."

आणि तो कागद पाच आठवडे माझ्या कपाटात होता. हिरव्या शेपटीचं ते विमान दिवसाला सहा वेळा उडत होतं. एका वेळी दीडशे-पावणेदोनशे माणसं. मी सायकलच्या कॅरिअरवर बसलो.

"मी जातो साहेबाकडे," थोड्या वेळानं मी म्हणालो.

"मी पण येते."

"तू बाहेर थांब."

साहेबांच्या केबिनला काचेचं दार होतं. मी आत जाऊन उभ्या-उभ्याच सांगितलं, "साहेब, माझा कान गेलाय. ते हिरव्या शेपटीचं विमान आजच्या आज खाली उतरवा. शेपटी मी तपासली होती."

त्यांनी आधी फोन उचलला. विमान कंपनीशी बोलले, विमान थांबवायच्या पत्राचा मजकूर सांगितला, फोन ठेवला आणि मग मला बसायला सांगितलं. "दरवर्षी कानाची तपासणी होते तुमची," ते म्हणाले. "त्यात काही निघालं नाही?"

मी खरं सांगितलं. कान तपासायला कंपनीत एक गाडी येते, तिच्यात काचेची खोली असते. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि बारीक सूर ऐकू आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे बसलेला माणूस सूर सोडताना कोपर जरासा हलवतो. मी कोपर बघून बटण दाबायचो. फसवायचं म्हणून नाही, निदान पहिल्या वर्षी नाही. नापास व्हायचं नाही एवढंच मनात असायचं.

साहेबांनी पुढे विचारलं, "दुसऱ्या कोणाला माहीत होतं?"

काचेपलीकडे रोशनी उभी होती. दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून. माहीत असून दोन वर्षं गप्प बसणाऱ्या तपासनिसाचं लायसन जातं, राहत नाही. माझं जाणारच होतं. तिचं जायला माझं एक वाक्य पुरे होतं, आणि ते वाक्य खरं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग या दोन वर्षांतल्या तुमच्या नोंदी इतक्या अचूक कशा? पाच-पाच, सहा-सहा जागा पकडल्यात तुम्ही."

"हाताले लागते, साहेब," मी म्हणालो. "इतक्या वर्षांनी बोटांले समजते. आज जिद्दीत नुसता कानावर गेलो, म्हणून चुकलो."

त्यांनी मान डोलावली. बाहेर रोशनीनं काचेतून माझ्या ओठांकडे बघून काय समजायचं ते समजून घेतलं असावं, कारण ती मटकन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरव्या शेपटीचं विमान आमच्या हँगरमध्ये आलं, रिकामं. मी शिक्का जमा केलेला होता, त्यामुळे पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभा राहिलो. सुतारानं शेपटीच्या डाव्या आडव्या पंखावर एक लाल डाग दाखवला. रोशनीनं हातानं वाजवून बघितलं आणि वर्तुळ काढलं, साधं, शेपूट नसलेलं. पंख उघडल्यावर आत ओलावा शिरून जाळी कुजलेली निघाली. आणखी सात महिने ते उडालं असतं तर काय झालं असतं, ते कोणी सांगू शकत नाही. कोणी विचारलंही नाही.

माझ्यानंतरच्या जुन्या तपासनिसाची सही घेऊन साहेबांनी मशीनला त्याच दिवशी मंजुरी दिली आणि मागची दोन वर्षं तपासली. माझ्या शिक्क्याची बाकीची सगळी विमानं चोख निघाली. शॉपमध्ये त्याचा गवगवा झाला. कान गेलेला माणूस नुसत्या बोटांनी पकडत होता, आणि एक चुकलं असेल असं वाटताच स्वतःच्या पायानं जाऊन सांगून आला. मला वाटलं होतं, मान खाली घालून बाहेर पडावं लागेल. पण निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल दिली. रोशनीनं पाया पडून कानाजवळ येऊन, उजव्या कानाजवळ, म्हटलं, "भाऊ, तुम्ही मले वाचवलं. तुमच्या जागी मी असते तर माझ्यानं झालं नसतं."

"असू दे," मी म्हणालो.

तिला वाटतं, कुंदाला वाटतं, साहेबांनाही आता कधी कळलं तर वाटेल, की मी त्या पोरीसाठी खोटं बोललो. तसं नव्हतं. केबिनमध्ये तिचं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण ते घेतलं असतं तर ती वर्तुळं कोणाची, हेही सांगावं लागलं असतं. लायसन गेलं तर गेलं, तिचं बुडालं तर बुडालं, पण माझी ती दोन वर्षं तिच्या नावावर चढलेली मला बघवली नसती. तेवढ्यासाठी मी नाही म्हणालो.

याला आता आठ वर्षं झाली. रोशनी विभागाची प्रमुख आहे, तिच्याकडे चार सुतार आहेत. दर वर्षी नवी भरती झाली की ती सगळ्यांना घेऊन माझ्या घरी येते. कुंदा पोहे करते. रोशनी त्यांना माझी गोष्ट सांगते: कान गेला, तरी बोटांनी पकडलं, आणि वेळ आली तेव्हा कोणाचंही नाव न घेता स्वतःहून जाऊन उभे राहिले. मग ती पोरं-पोरी एकेक करून माझ्या पाया पडतात.

मी पाय मागे घेत नाही.